वार रात्रीत काढलीच पाहिजे का?

डॉक्टरकाका, नमस्कार.

शिरूर तालुक्यातल्या एका वाडीवर आमचं घर आहे. चार संकरित गाई, दोन कालवडी. मिस्टर रांजणगावला कंपनीत शिफ्टला असतात, त्यामुळे गोठा मी आणि सासूबाईच बघतो. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, आता गोठ्यातलं होत नाही. दोन महिने झाले, संध्याकाळी अंगात बारीक ताप असतो, कंबर आणि गुडघे धरतात. वयाचं असेल.

गेल्या महिन्यात आमची लक्ष्मी तिसऱ्यांदा व्याली. दुपारी चारला कालवड झाली, काही त्रास झाला नाही. पण रात्री अकरापर्यंत वार, म्हणजे व्याल्यावर मागाहून पडणारी गर्भाची पिशवी, पडेना. सासूबाई म्हणाल्या, वार रात्रीत निघालीच पाहिजे, नाहीतर विष अंगात भिनतं. आधी लोंबणाऱ्या वारेला जुनी चप्पल बांधली. वार पडल्याशिवाय चीक काढायचा नाही म्हणून वासरूही उपाशी. पहाटे शेजारच्या वस्तीवरचे एक जाणते गृहस्थ आले, कोपराच्या वर हात घालून अर्धा तास ओढत होते. बरीचशी आली, थोडी तुटून आत राहिली. चौथ्या दिवशी गाईला ताप, पेंड सोडली, १४ लिटरवर गेलेलं दूध ५ वर आलं, वास तर उभं राहवत नव्हता. डॉक्टरांनी पाच दिवस इंजेक्शनं आणि सलाईन दिलं, वाचली. वासराला हगवण लागली, तेही वाचलं. आज २६ दिवस झाले, गाय बसली की शेपटीखाली पांढरं पुवासारखं पडतं.

आता गौरीचा आठवा महिना सरत आलाय. अजून तीन-चार लिटर देते म्हणून धार काढतो. मागच्या वर्षी आमच्या एका गाईने सातव्या महिन्यात गाभ टाकला होता, तिचीही वार अडकली, ती आबांनी काढली होती. ती गाय नंतर विकली. मला विचारायचंय, आमचं काय चुकलं? गौरीची वार अडकली तर काय करू? लक्ष्मी पुन्हा गाभण राहील का? आणि सासूबाईंना कसं सांगू? त्या म्हणतात, आम्ही तीस वर्षं असंच करत आलो.

एक वाचक, शिरूर तालुका

*

ताई, नमस्कार.

तुमचे प्रश्न चार, पण मी सुरुवात पाचव्यापासून करतो. तो तुम्ही विचारलेला नाही. आबांचा ताप.

तुमच्या पत्रातल्या दोन ओळी एकमेकींपासून लांब पडल्यात, त्या शेजारी ठेवून वाचा. मागच्या वर्षी गाय सातव्या महिन्यात गाभडली आणि तिची वार आबांनी काढली. आता दोन महिने आबांना संध्याकाळचा बारीक ताप आहे, कंबर आणि सांधे धरलेत. मी जनावरांचा डॉक्टर, माणसांचा नाही, आणि पत्रावरून निदान करणारा तर मुळीच नाही. संध्याकाळचा ताप क्षयाचाही असतो, आणखी दहा कारणांचा असतो. पण ज्या गोठ्यात गाय गाभडली त्या गोठ्यातल्या माणसाला असा ताप येतोय म्हटलं, की आमच्या धंद्यातल्या कुणाच्याही डोक्यात पहिलं नाव ब्रुसेलाचं येतं. हा जंतू गाईला पाचव्या महिन्यानंतर गाभ टाकायला लावतो आणि मागे वार अडकवून ठेवतो. गाभडलेल्या गाईची वार, गर्भजल, मेलेलं वासरू यांत तो ठासून भरलेला असतो. हाताला खुरप्याची एखादी चीर असली तरी त्याला तेवढी वाट पुरते. न उकळलेल्या दुधातूनही तो माणसात येतो, आणि आला की महिनोन् महिने अंगात मुरून राहू शकतो.

तेव्हा या आठवड्यात आबांना शिरूरला नाहीतर पुण्याला चांगल्या फिजिशियनकडे न्या आणि तिथे स्वतःहून सांगा: घरी गाई आहेत, एक गाभडली होती, तिची वार यांनी उघड्या हाताने काढली होती. हे सांगितलं नाही तर डॉक्टर मलेरिया, टायफॉईड, चिकुनगुन्या शोधत बसतील. त्यात त्यांचा दोष नाही, पुण्यातल्या दवाखान्याच्या खिडकीतून तुमचा गोठा दिसत नाही. रक्ताच्या तपासणीत हा आजार कळतो. निघालाच तर साधारण दोन औषधं एकत्र, निदान सहा आठवडे घ्यावी लागतात. तिसऱ्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या की ताप उलटतो. हे आबांना आधीच बजावून ठेवा, कारण गोळ्या सोडण्यात आपल्याकडची वडीलधारी मंडळी पटाईत असतात.

दूध घरात उकळूनच प्या. खरवस नीट वाफवलेला असतो, त्याची धास्ती नको. मात्र पोरांना धार थेट तोंडात घ्यायची हौस असते, ती आजपासून बंद. आणि गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगून चारही गाईंचं रक्त तपासून घ्या. नमुने पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात. गौरीचा निकाल ती व्यायच्या आत हातात हवा, म्हणजे तिच्या वेळी किती सांभाळायचं ते ठरवता येईल. दोष निघाला तर गाईला औषधाने बरं करत बसण्यात अर्थ नसतो, तिला वेगळं व्यायला घालायचं आणि पुढचं डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. विकायची मात्र नाही. मागच्या वर्षीची गाय विकलीत, झालं ते झालं. पण गाभडलेली गाय न तपासता चाकणच्या बाजारात उभी केली, की आपला आजार आपण दुसऱ्याच्या दावणीला बांधून येतो.

लक्ष्मीच्या कालवडीला चौथा महिना लागला की ब्रुसेलाची लस टोचून घ्या. ही लस फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच देतात. २०१९ साली केंद्र सरकारने लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेला या दोन रोगांविरुद्ध देशभर कार्यक्रम सुरू केला, त्यात ती मोफत मिळते. लस जिवंत जंतूंची असते, म्हणून ती डॉक्टरांनीच टोचायची. बाटली घरी आणून आपण टोचू, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

आता वार. कुणी जार म्हणतं, कुणी झार.

गाईच्या गर्भाशयाच्या आतल्या भिंतीवर मांसल बोंडं असतात, साधारण ७० ते १२०. वासराच्या बाजूची वार त्या प्रत्येक बोंडाला जाऊन चिकटलेली असते. शंभर टिचबटणं लावलेलं अस्तर डोळ्यांसमोर आणा. फरक एवढाच की इथे प्रत्येक बटणाच्या आत बारीक मुळ्या रुतलेल्या असतात. व्यायच्या सुमाराला गाईच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे जमतात, वारेला परकी म्हणून ओळखतात आणि मुळ्या धरून ठेवणारा चिकटा विरघळवायला लागतात. वासरू बाहेर आलं, गर्भाशय आकसलं, की सैल झालेली बटणं पटापट सुटतात. बहुतेक गाईंत हे सहा-आठ तासांत उरकतं. बारा तासांपर्यंत थांबायला हरकत नाही. चोवीस तास उलटले की वार अडकली म्हणायचं. म्हणजे ज्या रात्री अकरा वाजता तुमच्या घरात धावाधाव सुरू झाली, तेव्हा लक्ष्मीला व्यायला सातच तास झाले होते.

पांढऱ्या पेशी मंद असतील तर चिकटा विरघळत नाही. त्या का मंदावतात? सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व कमी पडलं, रक्तातलं कॅल्शियम उतरलं, गाय शेवटच्या दिवसांत उपाशी राहिली किंवा उन्हाने हैराण झाली, जुळी झाली, दिवस भरायच्या आत व्याली, वासरू अडून ओढून काढावं लागलं. त्यामुळे वार अडकलेली दिसते व्यायच्या रात्री, पण ती अडकायची तयारी गाईच्या अंगात दोन-तीन आठवडे आधीच झालेली असते. रात्री अकराला हात घालून ती चूक दुरुस्त होत नाही.

हात घातल्यावर काय होतं तेही ऐका. बटण सुटलेलं नसताना ओढलं की मुळ्या आत तुटतात आणि बोंडं खरवडून रक्ताळतात. अर्धी वार आतच राहते, हाताबरोबर शेणगोठ्यातले जंतू आत जातात आणि ताज्या जखमेतून सरळ रक्तात उतरतात. लक्ष्मीचा चौथ्या दिवसाचा ताप बहुधा तिथलाच. वार न काढताही काही गाईंना ताप येतो, हे मान्य. पण हात घालून काढलेल्या गाईंच्या गर्भाशयातली घाण जास्त दिवस रेंगाळते आणि माजाचं चक्रही उशिरा रुळावर येतं.

हे मी वरून उपदेश म्हणून सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत जुन्नरच्या पट्ट्यात मी स्वतः शेकड्याने वारा काढल्या असतील. आम्हाला शिकवलंच तसं होतं: हात आत, एकेक बोंड चिमटीत धरून सोडवायचं, शेवटी गोळ्या आत ठेवायच्या. एका थंडीत तासभर खपून मी एक वार अख्खी, सलग काढली आणि अंगणात पसरून दाखवली. लोकांनी गुळाचा चहा पाजला. पाचव्या दिवशी त्याच घरून निरोप आला, गाय उठत नाही. ती गेली. घरातली म्हातारी म्हणाली, तुम्ही तरी काय करणार, डॉक्टर, तिचं आयुष्य तेवढंच. त्या वाक्याने मला सुटल्यासारखं वाटलं नाही. नंतर वाचत गेलो, सोबतच्यांचे अनुभव ऐकत गेलो आणि हात आखडता घेतला. आज बाहेरून हलक्या हाताने धरली आणि सहज येत असेल, तर डॉक्टर वार काढून घेतात. तेवढंच. अडली की सोडून देतात.

मग शेजारच्या गृहस्थांचा अनुभव खोटा का? खोटा नाही. ज्या गाईंची वार त्यांच्या हाताला सहज आली, ती सुटतच आली होती. त्यांनी नसती काढली तरी सकाळी पडली असती. ज्यांची तुटली, त्यांचा ताप चौथ्या दिवशी आला, आणि तोवर ते घरी जाऊन झोपले होते. शाबासकी पहिल्या रात्री मिळते आणि सलाईनचं बिल चौथ्या दिवशी दुसऱ्याच्या नावावर फाटतं. त्यांना तरी कसं कळावं!

चपलेबद्दल. चप्पल, वीट, फुटका नांगराचा फाळ, मी सगळं लोंबताना पाहिलंय. वजनाने वार सुटत नाही, तुटते, आणि एखादवेळी गाईचं मायांग (गर्भाशय) बाहेर येण्याचा धोका असतो. शिवाय गोठ्यातली चप्पल म्हणजे जंतूंना वर चढायला दोरीच.

चिकाचं मात्र मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. वार पडल्याशिवाय चीक काढायचा नाही, ही समजूत खेड, शिरूर, इंदापूर, कुठेही जा, सापडते. ती दोन्हीकडून घात करते. वासराच्या आतड्यातून चिकातली रोगाशी लढणारी द्रव्यं आत शिरायची दारं जन्मल्यापासून तासातासाने बंद होत जातात, चोवीस तासांनी जवळपास बंदच. पहिला चीक तासाभरात पोटात गेला पाहिजे. तीस किलोच्या वासराला पहिल्या सहा तासांत निदान तीन लिटर, दोन वेळा मिळून. तुमच्या कालवडीची हगवण बहुधा उशिरा मिळालेल्या चिकाची. आणि गाईच्या बाजूने बघा. वासरू सडाला लागलं, कास चोळली, की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, त्यानेच गर्भाशय आकसतं आणि वार पुढे सरकते. म्हणजे वार पडायला जे मदत करतं, तेच आपण वार पडेपर्यंत अडवून धरतो.

आता गौरीकडे. तिच्या हातात अजून महिना-सव्वा महिना आहे, आणि खरं काम याच दिवसांत आहे.

पहिलं, तिची धार आजच्या आज बंद करायला लागा. तीन लिटर दुधासाठी पुढच्या वेताचं नुकसान होतंय. व्यायच्या आधी साठ दिवस गाय आटलेली हवी, तुम्ही आधीच उशीर केलाय. डॉक्टरांना विचारून आटवताना सडात सोडायच्या ट्यूबा भरून घ्या, नाहीतर कास दगडी (सुजून कडक) व्हायची.

दुसरं, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. शिरूरच्या बागायत पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की गव्हाणी वाढ्यांनी भरतात. स्वस्त पडतं, गाई आवडीने खातात, मलाही समजतं. पण वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते खाण्यातलं कॅल्शियम बांधून टाकतं. शेवटच्या दोन महिन्यांत पोट वाढ्यावर भरू नका. मका किंवा ज्वारीचा कडबा, थोडा मुरघास, बरोबर थोडं वाढं चालेल. लसूणघासही या दिवसांत हात राखून घाला, त्यात कॅल्शियम आणि पोटॅश दोन्ही जास्त.

इथे तुम्ही म्हणाल, काका, एकीकडे वाढं कॅल्शियम खातं म्हणून बंद करता आणि दुसरीकडे घासातलं कॅल्शियम जास्त म्हणून कमी करता, हे काय? प्रश्न रास्त आहे. व्यायच्या आधी गाईला भरपूर कॅल्शियम आयतं मिळत राहिलं, तर हाडातून कॅल्शियम काढायची तिची सवय मोडते. व्याली की चिकातून एकदम मोठा ओघ जातो, आणि ऐन वेळी कोठार उघडत नाही. तोच दूधताप, आणि तो उघडा नसला तरी आतून वार अडकवतो. म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमची बाटली पाजायची नाही. दुकानदार देईल, तुम्ही घेऊ नका. व्यायच्या दिवसापासून सुरू करा. याच तीन आठवड्यांसाठी वेगळं क्षारमिश्रण मिळतं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. नेहमीचं दुभत्या गाईचं मिश्रण आणि हे, एक नव्हे.

तिसरं, व्यायच्या साधारण तीन आठवडे आधी ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमचं इंजेक्शन. लक्ष्मीची वार अडकली, मागच्या वर्षीच्या गाईचीही अडकली, तेव्हा तुमच्या गोठ्यात याचा विचार व्हायलाच हवा. डोस डॉक्टरांचा. सेलेनियम थोडं जास्त झालं तर विषारी ठरतं, म्हणून मी इथे आकडा लिहिणार नाही. खुराक एकदम वाढवू नका, शेवटच्या तीन आठवड्यांत हळूहळू दोन-अडीच किलोपर्यंत न्या, म्हणजे व्यायल्यावर पोट बिघडणार नाही. रोज थोडं मोकळं सोडा. व्यायची जागा कोरडी ठेवा, सिमेंटच्या ओल्या कोब्यावर नको, खाली उसाचं पाचट किंवा भुसा टाका.

गौरी व्याली की कोमट पाण्यात गूळ आणि चिमूटभर मीठ घालून बादली तिच्या पुढे ठेवा. ती स्वतः पिईल तेवढं पिऊ द्या. नळीने किंवा बाटलीने तोंडात ओतू नका. अशक्त गाईला घोट गिळता येत नाही, पाणी श्वासनळीत जातं आणि फुफ्फुसं सडतात. वार अडकलेल्या गाईंपेक्षा पाजलेला तेल-गूळ ज्यांच्या छातीत गेला अशा गाई मी जास्त हताशपणे पाहिल्यात, तिथे आम्हालाही फार काही करता येत नाही. बांबूचा पाला घालायची जुनी रीत आहे, मूठभर घातला तर माझी ना नाही. फक्त पाला घातला म्हणून पुढचं सोडू नका.

वासरू चाटू द्या, तासाभरात चीक काढा. वार पडली तर लगेच उचला, नाहीतर गाय खाते. हातात मोजे घाला, मोजे नसतील तर जाड प्लास्टिकच्या पिशव्या घाला. तीन-चार फूट खड्डा, वर चुना, मग माती. कुत्र्याच्या तोंडी वार गेली म्हणजे आजार अख्ख्या वाडीत फिरला.

बारा तास झाले, पडली नाही, तर दिवसाउजेडी डॉक्टरांना फोन करा. शासनाचं फिरतं पथक १९६२ या मोफत क्रमांकावर येतं. पहिल्या दिवसात ऑक्सिटोसिनसारख्या इंजेक्शनाचा उपयोग होतो का, हे ते ठरवतील. दोन दिवस उलटल्यावर त्याचा काही फायदा नाही. लोंबणारी वार गाईच्या मागच्या ढोपरापर्यंत येईल एवढी ठेवून खालची कात्रीने कापा, म्हणजे पायाखाली येणार नाही. अगदी आखूड कापू नका. शेपूट, निरण (योनीचं तोंड), मागच्या मांड्या लाल औषधाच्या (पोटॅशियम परमँगनेट) फिक्या पाण्याने रोज दोनदा बाहेरून धुवा, माश्या बसू नयेत म्हणून कडूनिंबाचं तेल बोटाने भोवती लावा. अळ्या पडल्या तर दुसराच वैताग.

आणि दर सकाळी ताप मोजा. मेडिकलमध्ये मिळतो तो साधा डिजिटल थर्मामीटर, टोकाला दोरा बांधून, थोडं तेल लावून गुदद्वारात, वाजेपर्यंत. निरोगी गाईचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाईट असतं. दुपारी उन्हात संकरित गाय उगाच थोडी वर जाते, म्हणून सकाळीच मोजायचा. दहा दिवस मोजा. १०३ च्या वर गेला, किंवा पेंड सोडली, डोळे खोल गेले, शेपटीखालून लालसर, पातळ, सडका वास येणारं पाणी पडायला लागलं, की त्याच दिवशी डॉक्टर. रात्र काढू नका.

ताप नाही, खातेय, रवंथ करतेय, दूध चढतंय, पण वार लोंबतेय आणि वास येतोय, तर काहीही करू नका. वास येणारच, आत वार सडतेय, आणि त्या सडण्यानेच ती सुटते. चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास बहुतेक गाईंची आपोआप गळून पडते. अशा गाईला उगाच अँटिबायोटिक नको. आत गोळ्या ठेवल्या की सडण्याचं काम मंदावतं आणि औषध दुधात उतरतं ते वेगळंच. हे सांगायला सोपं आहे. तो आठवडा कसा जातो ते मला माहीत आहे, संकलन केंद्रावरचा माणूससुद्धा नाक मुरडतो. धार काढायच्या आधी हात आणि कास नीट धुवा, शक्यतो ही गाय शेवटी काढा. अँटिबायोटिक द्यावंच लागलं तर दूध किती दिवस घालायचं नाही ते डॉक्टरांना विचारून तारीख भिंतीवर कोळशाने लिहा. पाठ करू नका, विसरायला होतं.

लक्ष्मी राहील गाभण. पांढरं, घट्ट, वास नसलेलं पडतंय, गाय खातेय, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला अजून सूज आहे. महिना झाला की डॉक्टरांना हात घालून तपासायला सांगा (हा हात वेगळा, गुदद्वारातून). गरज वाटली तर ते एक इंजेक्शन देऊन माजावर आणतील. प्रत्येक माजात गर्भाशय स्वतःला धुवून काढतं. पण पहिल्या माजाला भरवायची घाई नको. सोट (माजातला चिकट स्राव) अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा स्वच्छ, तारेसारखा लांब सुटला पाहिजे, त्यात पांढरा ठिपकाही नको, आणि व्यायल्याला साठ दिवस होऊन गेलेले हवेत. दूध अजून मनासारखं चढलं नसेल आणि ती कडबा खाऊन पेंड ठेवत असेल, तर तेही सांगा. अशा गाईत व्यायल्यानंतरची केटोसिसची, म्हणजे खाणं कमी पडून अंगातली चरबी जळण्याची, भानगड मागे लपलेली असते.

राहिल्या सासूबाई. त्यांना चूक म्हणू नका, कारण त्या पूर्ण चूक नाहीत. त्या सून म्हणून आल्या तेव्हा दावणीला खिलार नाहीतर गावठी गाय असेल, दोन-तीन लिटरची. अशा गाईची वार बहुतेक वेळा आपसूक पडायची, अडकली तरी निभावायची. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बायफ ही संस्था उभी केली, पुढच्या काळात संकरित गाई गावोगाव आल्या, दूध पाचपट झालं. गाय बदलली, तिच्या अंगावरचा ताण बदलला, रीत तीच राहिली. हे त्यांना असंच सांगा. आणि मग ताप मोजायचं आणि लिहून ठेवायचं काम त्यांच्याकडे द्या, तुमच्याकडे ठेवू नका. जी बाई तीस वर्षं गाईच्या कानाला हात लावून ताप ओळखते, तिच्या हातात थर्मामीटर आला की ती दहा दिवस एकही सकाळ चुकवायची नाही. चौथ्या दिवशी आकडा १०२ दिसला, की शेजारच्या गृहस्थांना दारातून परत पाठवायला त्याच पुढे होतील.

आबांचा रिपोर्ट आला की आधी तो कळवा. गौरीचं नंतर.